कन्सोलचा गेम नक्की कधी घ्यायचा? नवे, येणारे आणि सेलमधले

कुठला गेम घेऊ असं सगळे विचारतात, कधी घेऊ असं फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते पैसे वाचतात किंवा वाया जातात ते या दुसऱ्या प्रश्नावरच. गेम तोच, पण रिलीजच्या दिवशी घेतला तर पूर्ण किंमत आणि वर बग (गेममधल्या चुका), आणि वर्ष-दीड वर्षाने घेतला तर सगळे पॅच (चुका सुधारणारे अपडेट) लागलेले, डीएलसी (नंतर आलेले जास्तीचे भाग) आत, किंमत निम्म्यावर. पण म्हणून प्रत्येक गेमसाठी थांबा असंही मी म्हणणार नाही, कारण काही गेमची खरी मजा पहिल्याच महिन्यात असते आणि ती नंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. मी पाळतो तो नियम साधा आहे: ज्या दिवशी खेळायला बसणार त्याच दिवशी गेम विकत घ्यायचा. रिलीज झाला म्हणून नाही, सेल लागला म्हणूनही नाही. आता हे प्रत्यक्षात कसं जमवायचं ते सांगतो.

नवे गेम

सायबरपंक २०७७ बद्दल सगळ्यांना माहीत आहे की तो १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर इतका वाईट चालला की आठवडाभरात सोनीने तो स्वतःच्या प्लेस्टेशन स्टोअरमधून काढून टाकला, परत यायला जून २०२१ उजाडला. पण त्यातली खरी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. रिलीजच्या आधी आलेले रिव्ह्यू सगळे पीसीवरचे होते, कन्सोलच्या कॉप्या रिव्ह्यूवाल्यांना आधी मिळाल्याच नव्हत्या. म्हणजे स्कोअर शंभरपैकी नव्वदच्या आसपास दिसत होता, आणि तो स्कोअर ज्या गेमचा होता तो तुमच्या टीव्हीवर येणारच नव्हता.

म्हणून नवा गेम घ्यायच्या आधी स्कोअर बघण्यापेक्षा तो स्कोअर कुठल्या मशीनवर खेळून दिलाय ते बघा. मेटाक्रिटिक या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटवर प्लॅटफॉर्म वेगवेगळे दाखवतात, तिथे आपल्या कन्सोलवर क्लिक करा, आणि रिव्ह्यूंची संख्या फारच कमी असेल तर थांबा. रिव्ह्यू छापायची परवानगी कधी मिळणार हेही बघायचं. रिलीजच्या चार-पाच दिवस आधी रिव्ह्यू आले तर कंपनीला आपल्या मालाची खात्री आहे असं धरायला हरकत नाही, ऐन रिलीजच्या तासाला आले तर मी हात आखडता घेतो. त्यानंतर डिजिटल फाउंड्रीचा व्हिडिओ शोधा, ते प्रत्येक कन्सोलवर रिझोल्यूशन किती आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) कुठे पडतो ते मोजून दाखवतात. एक्सबॉक्स सिरीज एस (सिरीज एक्सचा स्वस्त, कमी ताकदीचा भाऊ) असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण सिरीज एक्सवर जे दिसतं ते एसवर दिसेलच असं नाही. बाल्डर्स गेट ३ पीएस५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, कारण सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळणं) काही केल्या चालत नव्हतं, शेवटी एसवर ते फीचर सोडूनच गेम आणला.

फ्रेमरेटबद्दल थोडं लांबण लावतो कारण इथे बऱ्याच जणांची निराशा होते. बहुतेक गेममध्ये क्वालिटी आणि परफॉर्मन्स असे दोन मोड असतात, पहिल्यात चित्र सुंदर पण ३० फ्रेम, दुसऱ्यात चित्र थोडं पुसट पण ६० फ्रेम. काही गेममध्ये ४० फ्रेमचा मधला मोड असतो, माझा तो फार आवडता, पण त्यासाठी टीव्ही १२० हर्ट्झचा लागतो, साध्या टीव्हीवर तो मोड सहसा दिसणारच नाही. ट्रेलरमध्ये यातलं काहीच सांगत नाहीत. ड्रॅगन्स डॉग्मा २ मार्च २०२४ ला आला तेव्हा गावात शिरलं की फ्रेमरेट गडगडायचा. जेडाय: सर्व्हायव्हरचा परफॉर्मन्स मोड एप्रिल २०२३ ला नावापुरताच होता आणि सप्टेंबरच्या पॅचनंतर तो खरा ६० च्या जवळ गेला. पाच महिने! ज्याने वाट बघितली त्याला चांगला गेम मिळाला आणि तोही कमी किमतीत. तलवारबाजी, नेमबाजी, रेसिंग असलं काही असेल तर ६० शिवाय घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, संथ कथेचा गेम असेल तर ३० चालून जातं.

मग पहिल्या दिवशी घ्यायचं काय? माझ्या लेखी तीन प्रकार. एक, ज्यात सगळे मिळून कोडी उलगडतात असे गेम. एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तेव्हा पहिले काही आठवडे कुणालाच काही माहीत नव्हतं, कुठली भिंत खोटी, कुठला बॉस टाळता येतो, जमिनीवर लोकांनी लिहून ठेवलेले मेसेज वाचत वाचत पुढे जायचं, काही मेसेज मदत करणारे, काही सरळ दरीत उडी मारायला लावणारे. आज तोच गेम तितकाच भारी आहे, पण आता प्रत्येक गुपिताचा व्हिडिओ समोर येऊन पडतो. दोन, ज्यांची कथा फुटली तर मजाच जाते. क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३ हा त्यातला, एप्रिल २०२५ ला आला, नव्या स्टुडिओचा पहिलाच गेम, मोठ्या गेमपेक्षा कमी किमतीत, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर झाला. यातल्या कथेबद्दल एक वाक्यही आधी वाचलं नाही तर उत्तम. तीन, मुळातच स्वस्त असलेले छोटे गेम. हॉलो नाइट: सिल्कसाँग २०१९ ला जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला, लोक इतके तुटून पडले की ऑनलाइन स्टोअरच कोलमडली, पण किंमत सुरुवातीपासूनच कमी होती, त्यात सेलची वाट बघून काय मिळणार? अशा छोट्या टीमला पहिल्या दिवशी पूर्ण पैसे द्यायला मला मनापासून आवडतं.

नुसत्या ऑनलाइन चालणाऱ्या गेमचं गणित वेगळं. त्यात गर्दी पहिल्या महिन्यातच असते म्हणून लवकर घ्यावा असं वाटतं, पण सर्व्हरही पहिल्याच आठवड्यात मान टाकतात. हेलडायव्हर्स २ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तेव्हा लोकांना आत शिरायलाच रांगेत उभं राहावं लागत होतं. आणि दुसऱ्या टोकाला काँकॉर्ड, २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, दोन आठवड्यात खेळ खलास, सोनीने पैसे परत दिले म्हणून निभावलं. पण द क्रू बघा, २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांनाही तो आता सुरू करता येत नाही. म्हणून ऑनलाइन गेम असेल तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मित्र अजून खेळतायत का बघा, मग घ्या. आणि कव्हरच्या मागे किंवा स्टोअर पेजवर इंटरनेट कायम लागतं का ते वाचाच, एकट्याने खेळायच्या गेमलाही हल्ली ती अट असू शकते.

येणारे गेम

प्री-ऑर्डरबद्दल माझं मत कडक आहे: डिजिटल कॉपी कधी संपत नाही, मग ती आधी का बुक करायची? बोनस म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा एखादा पोशाख किंवा सुरुवातीची तलवार, जी दोन तासांनी निरुपयोगी होते. महागड्या एडिशनमध्ये काही दिवस आधी खेळायला मिळतं, स्टारफील्डच्या वेळी पाच दिवस आधी होतं, पण ते पाच दिवस म्हणजे पहिला पॅच यायच्या आधीचे दिवस, त्यासाठी जास्त पैसे देणं मला पटत नाही. संग्राहकांसाठीची पेटी मात्र खरोखर संपते, ती हवीच असेल तर प्री-ऑर्डरला पर्याय नाही.

तरीही करायची असेल तर रिफंडचे नियम आधी वाचून घ्या. प्लेस्टेशन स्टोअरवर प्री-ऑर्डर रिलीजच्या आधी रद्द करता येते आणि पैसे भरल्यापासून १४ दिवसांतही रिफंड मागता येतो, पण गेम डाउनलोड करायला सुरुवात केलेली नसेल तरच, आणि प्री-लोड (रिलीजच्या आधीचं डाउनलोड) आपोआप सुरू झाला तर तोही डाउनलोडच. म्हणून प्री-ऑर्डर केली की ऑटोमॅटिक डाउनलोड बंद करून ठेवा आणि रिव्ह्यू आल्यावर स्वतः हाताने सुरू करा. एवढी एक सेटिंग बदलली की बऱ्याच कटकटी टळतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा गेम अर्थातच जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो ६). आधी २०२५ सांगितलं, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. तारीख पुढे गेली की लोक चिडतात, मला उलट बरं वाटतं. हेलो इन्फिनिट जुलै २०२० मध्ये दाखवला तेव्हा ग्राफिक्सवर एवढी टीका झाली की तो २०२१ च्या डिसेंबरपर्यंत पुढे ढकलला, आणि आला तो बऱ्यापैकी सुधारून. झेल्डाचा टिअर्स ऑफ द किंगडम तर मे २०२३ पर्यंत लांबवला तो घासून-पुसून घ्यायलाच, आणि एवढ्या मोकळ्या फिजिक्सचा गेम निंटेंडोच्या त्या छोट्या स्विचवर इतका सफाईदार चालतो हे बघून मी अजूनही थक्क होतो. जीटीए ६ बद्दल मी काय करणार ते सांगतो. कथेचा भाग लगेच खेळणार, कारण त्याच स्टुडिओचा, म्हणजे रॉकस्टारचा, रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर पहिल्या दिवसापासून नीट चालला होता. ऑनलाइनला मात्र पहिला महिना हात लावणार नाही, कारण जीटीए ऑनलाइन १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं तेव्हा कित्येक दिवस लोकांना आतच जाता येत नव्हतं.

यातून एक काम कायम करत जा: गेम नुसता कुठल्या नावाचा आहे ते बघू नका, बनवला कुणी ते बघा. जीटीए ट्रिलॉजीची डेफिनिटिव्ह एडिशन २०२१ मध्ये आली ती रॉकस्टारच्या नावावर, पण बनवली होती दुसऱ्याच स्टुडिओने, आणि ती बगनी भरलेली निघाली. स्टुडिओचा आधीचा गेम पहिल्या दिवशी कसा चालला होता, हा कुठल्याही ट्रेलरपेक्षा जास्त भरवशाचा पुरावा.

डेमो असेल तर डेमोच खेळा. मेटाफर: रेफँटाझिओचा डेमो सुरुवातीचा अख्खा भाग देतो आणि तुमचा सेव्ह मूळ गेममध्ये पुढे चालतो. ड्रॅगन क्वेस्ट ११ एसचा डेमो तर दहा तासांच्या आसपास पुरतो, फुकट! एवढं खेळून आवडला नाही तर तो गेम आपला नाही, विषय संपला.

सेलमधले

इथे मी सगळ्यात जास्त रमतो. पहिली पायरी म्हणजे स्टोअरच्या विशलिस्टमध्ये गेम टाकून ठेवणं, किंमत उतरली की कळतं. दुसरी, जुन्या किमतींचा आलेख बघणं, डेकू डील्स, पीएसप्रायसेस अशा साइटवर तो मिळतो. "६० टक्के सूट" असं लाल अक्षरात दिसलं तरी तोच गेम तीन महिन्यांपूर्वी ७५ टक्के सवलतीत होता की नाही ते तिथेच कळतं, आणि एकदा जी सूट दिली ती पुन्हा येतेच येते. मोठे सेल कधी ते जवळपास ठरलेलं असतं: मे-जूनमध्ये प्लेस्टेशनचा डेज ऑफ प्ले, नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडे, मग वर्षअखेर. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी घाई करून काही घ्यायचं म्हणजे हातचं सोडल्यासारखं आहे.

कुठल्या कंपनीचा गेम किती लवकर उतरतो हे एकदा डोक्यात बसलं की काम सोपं होतं. युबीसॉफ्टचे मोठे गेम काही महिन्यांतच खाली येतात, ते पूर्ण किमतीत घ्यायचं मला तरी कारण दिसत नाही. सेकिरोसारखे गेम वर्षानुवर्षं निम्म्यावर अडून बसतात, तिथे निम्म्याहून खाली जायची वाट बघू नका. निंटेंडोचे स्वतःचे गेम तर उतरतच नाहीत म्हटलं तरी चालेल, झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ चा आहे पण किंमत बघून तसं वाटत नाही. त्यावर उपाय म्हणजे ते गेम कार्ट्रिजवर घ्या, खेळून झाले की विका, किंमत टिकून राहते ती तुमच्याही कामी येते. स्विच २ वर मात्र कव्हर नीट बघा, काही पेट्यांत गेम-की कार्ड असतं, म्हणजे कार्डात गेमच नसतो, तो डाउनलोड करायचा आणि शिवाय खेळताना कार्ड लावून ठेवायचं. ते निदान विकता तरी येतं. नुसता कोड असलेली पेटी असेल तर एकदा कोड वापरला की हातात राहतो प्लास्टिकचा डबा.

एडिशनच्या गोंधळात फार लोक फसतात. विचर ३ घ्यायचा तर कम्प्लीट एडिशनच, कारण ब्लड अँड वाइन हे एक्स्पान्शन म्हणजे जवळपास नवा गेमच आहे, आणि डिसेंबर २०२२ चं नव्या कन्सोलचं अपडेट फुकट आहे. उलट बऱ्याच डिलक्स एडिशनमध्ये नुसते कपडे आणि म्युझिक असतं, यादी उघडून त्यात कथेचं काही आहे का तेवढं बघायचं. कंट्रोल या गेमच्या वेळी तर मूळ गेम आणि दोन्ही डीएलसी वेगवेगळे घेतलेल्यांनाही पीएस५ व्हर्जन फुकट मिळालं नाही, ते फक्त अल्टिमेट एडिशनवाल्यांना मिळालं. म्हणून पीएस४ वरचा जुना गेम स्वस्तात दिसला तर त्याच्या पीएस५ अपग्रेडचं काय, हे पैसे देण्याआधी शोधा.

वापरलेली डिस्क घेताना खालची बाजू उजेडात तिरकी धरून बघा, आणि डिस्क किती असायला हव्यात ते माहीत करून घ्या. रेड डेड रिडेम्प्शन २ च्या पेटीत दोन असतात, एक डेटाची, एक खेळायची, एक हरवली की दुसरी काही कामाची नाही. आतले कोड वापरलेले असणार हे धरूनच चाला. प्लेस्टेशनच्या डिस्क कुठल्याही देशातल्या चालतात पण डीएलसी सहसा डिस्कच्याच रीजनचं (ज्या प्रदेशासाठी ती काढली त्याचं) लागतं, तुमचं अकाउंट वेगळ्या रीजनचं असेल तर डीएलसी घेऊनही ते गेमला जोडलंच जात नाही. आणि सिरीज एस किंवा डिस्क ड्राइव्ह जोडताच न येणारा पीएस५ असेल तर हा सगळा बाजारच तुमच्यासाठी बंद, कन्सोल निवडतानाच हा हिशोब करायला हवा.

सबस्क्रिप्शनबद्दल थोडक्यात. एक्सबॉक्सच्या गेम पासमध्ये किंवा प्लेस्टेशनच्या पीएस प्लस एक्स्ट्रामध्ये असलेला गेम विकत घ्यायच्या आधी तो तिथून कधी जाणार ते बघा, "लवकरच जाणारे" अशी यादी असते. शंभर तासांचा आरपीजी (पात्र वाढवत नेण्याचा लांब गेम) तिथे सुरू करणं मला धोक्याचं वाटतं, दहा-बारा तासांचे गेम तिथे उत्तम. पीएस प्लसचे दरमहाचे गेम मात्र लायब्ररीत टाकून ठेवले की सबस्क्रिप्शन चालू आहे तोवर राहतात, म्हणून आज खेळायचे नसले तरी टाकून ठेवा, ज्या दिवशी खेळणार त्याच दिवशी घ्यायच्या माझ्या नियमाला हा अपवाद.

जागेचाही विचार करा. मूळ पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी वापरायला ६६७ च्या आसपास मिळतात, सिरीज एसमध्ये ५१२ पैकी ३६४. पीएस५ चे गेम साध्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात पण तिथून खेळता येत नाहीत, पीएस४ चे मात्र येतात, म्हणून जुने स्वस्त गेम बाहेरच्या ड्राइव्हवर आणि नवे आत.

आणि शेवटी, खेळायला वेळ असताना सेलमध्ये दिसले तर डोळे झाकून घ्या असे काही. टायटनफॉल २, २०१६ चा, कथा पाच-सहा तासांची, पण त्यात वर्तमान आणि भूतकाळ यात बटणाने उड्या मारायची एक लेव्हल आहे, तेवढ्या एका लेव्हलसाठी पैसे वसूल. प्रे, २०१७ चा, अख्खं अंतराळस्थानक तुमच्या हवाली, कुठलंही दार चार वेगवेगळ्या मार्गांनी उघडता येतं, अगदी स्वतः कॉफीचा मग बनून फटीतून घरंगळत जाता येतं. मॅड मॅक्स, २०१५ चा, मिशन तेच तेच आहेत पण वाळूच्या वादळात गाडी पळवण्याचा थरार दुसरीकडे नाही. घरात दोघं असतील तर इट टेक्स टू, दुसरा लांब राहत असेल तरी फ्रेंड्स पासवर एकाच कॉपीत दोघांना खेळता येतं. हाय-फाय रश, ज्याला गाण्याच्या ठेक्यावर मारामारी ही कल्पनाच आवडते त्याच्यासाठी.

आउटर वाइल्ड्स मात्र मी वेगळा काढून ठेवलाय. जहाज घ्यायचं, ग्रहांवर फिरायचं, आधीच्या लोकांनी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं, बस, लढाई नाही, लेव्हल वाढवणं नाही, तुमच्याकडे वाढतं ते फक्त ज्ञान. म्हणूनच त्याचा ट्रेलर बघू नका, गाइड उघडू नका, अडलात तर जहाजातली नोंदवही परत वाचा. २०१९ ला आलेला गेम आहे, पीएस५ आणि सिरीज एक्ससाठी २०२२ मध्ये ६० फ्रेमचं अपडेट फुकट आलं, तेच व्हर्जन लावा. एकोज ऑफ द आय हे डीएलसी त्याच सेलमध्ये असलं तरी मूळ गेम संपेपर्यंत घ्यायची गरज नाही, तेही परत सेलला येईलच.